दहा तासांचा शटडाउन, तीन आठवड्यांची तयारी

४०० व्होल्टचा विजेचा मुख्य पॅनल. वीज आत आणणारा १६०० अँपिअरचा एक एसीबी (एअर सर्किट ब्रेकर) इनकमर, जनरेटरकडून येणारा दुसरा, दोन्ही एकदम चालू होऊ नयेत म्हणून मधे इंटरलॉक, वीज बाहेर नेणारे १४ आउटगोइंग फीडर आणि शेजारी कपॅसिटर पॅनल. या सगळ्याचं वार्षिक मेंटेनन्स नुकतंच पार पडलं. पॅनल प्रत्यक्ष बंद होता १० तास, सकाळी ६ ते दुपारी ४. तयारीला गेले २१ दिवस. हे काम पहिल्यांदा अंगावर येतं तेव्हा सुरुवात कुठून करायची तेच सुचत नाही. म्हणून जे ज्या क्रमाने झालं त्याच क्रमाने लिहिलं आहे. पान्याला हात लावायचा तो पात्र, परवानाधारक माणसांनीच. पण काम करवून घेणाऱ्यालाही कुठे काय विचारायचं हे माहीत असलेलं बरं.

२१ दिवस आधी

पहिलं काम कागदाचं: पॅनलचा सिंगल लाइन डायग्राम, म्हणजे जोडण्यांचा एकरेषी नकाशा, हातात घेऊन पॅनलसमोर उभं राहायचं आणि एकेक फीडर ताडून बघायचा. डायग्राम सहसा पॅनल बसवला त्या वर्षीचा असतो. मधल्या काळात कुणी स्पेअर फीडर वापरात घेतलेला असतो, कुणी दोन फीडर आपसांत बदललेले असतात, नावाची पट्टी मात्र जुनीच. इथेही १४ पैकी दोघांच्या पट्ट्या चुकीच्या निघाल्या. फीडर ९ वर ‘स्पेअर’ लिहिलेलं आणि टाँग टेस्टर (केबलभोवती लावून करंट मोजणारं यंत्र) ३८ अँपिअर दाखवतोय! केबलचा माग काढण्यात दोन दिवस गेले. ते आधी गेले म्हणून बरं. नाहीतर शटडाउनच्या सकाळी हाच शोध बंद पडलेल्या पंपापासून सुरू झाला असता.

याच फेरीत एक यादी करायची, मुख्य स्रोत सोडून या पॅनलमध्ये वीज आणखी कुठून कुठून येऊ शकते याची. जनरेटर, यूपीएस, सोलर इन्व्हर्टर, दुसऱ्या पॅनलशी जोडणारा टाय फीडर, कंट्रोल सप्लाय, पॅनलमधला हीटर आणि दिवा. यातलं मोठं कुणी विसरत नाही. विसरतात ते शेवटचं. त्याचा किस्सा पुढे येतो.

मग शटडाउनचं पत्र. ‘रविवारी वीज बंद राहील’ एवढ्याने भागत नाही. कोणता फीडर किती वाजता बंद होईल, किती वाजता येईल आणि तोवर पर्याय काय, असे तीन रकाने करून प्रत्येक विभागाची सही घ्यायची. लिफ्ट, सर्व्हर, शीतगृह आणि फायर पंप यांच्यासाठी वेगळी ओळ. फायर पंपाचा फीडर बंद असेल तितका वेळ अग्निसुरक्षेच्या माणसाला लेखी कळवून पहाऱ्यावर ठेवावं लागतं. सगळ्या सह्या जमायला नऊ दिवस लागले. पॅनलच्या वरच्या बाजूचा, येणारी वीज तोडणारा आयसोलेटर पुरवठादाराच्या ताब्यात असेल तर तो बंद करून मिळण्याचा अर्ज त्याच दिवशी टाकायचा. त्यांची तारीख आपल्या सोयीने मिळत नाही.

१० दिवस आधी: चालू लोडवर थर्मोग्राफी

पॅनल बंद केला की गरम जोड थंड होतो आणि पुरावा जातो. म्हणून थर्मल कॅमेऱ्याची फेरी शटडाउनच्या आधी आणि लोड भरपूर असताना. रेटिंगच्या ४० टक्क्यांच्या खाली लोड असेल तर काढलेल्या चित्रांवर फार विसंबू नये. जोडातली उष्णता करंटच्या वर्गाप्रमाणे वाढते, त्यामुळे अर्ध्या लोडवर दिसणारी वाढ ही खऱ्या वाढीची जेमतेम पाव असते.

या सगळ्या कामातला सर्वांत धोक्याचा तास हाच, हे आधी लक्षातच येत नाही. शटडाउनच्या दिवशी पॅनल मेलेला असतो. थर्मोग्राफीला तो जिवंत असतो आणि आपण त्याची झाकणं उघडत असतो. झाकणाचा स्क्रू हातातून सुटून बसबारवर (वीज वाहणाऱ्या उघड्या पट्टीवर) पडला की आर्क फ्लॅश, म्हणजे ठिणगीचा स्फोट. त्याचं तापमान २० हजार अंशांच्या आसपास जाऊ शकतं. उघड्या कातडीला दुसऱ्या दर्जाची भाजल्याची जखम व्हायला दर चौरस सेंटिमीटरला १.२ कॅलरी पुरतात. म्हणून या तासासाठीही कामाचं वेगळं लेखी परमिट, पॅनलवरच्या आर्क फ्लॅश लेबलाप्रमाणे सूट आणि फेस शील्ड, भोवती दोरी, आणि झाकण उघडणारा एक, कॅमेरा धरणारा दुसरा. पॅनलला इन्फ्रारेड खिडक्या असतील तर झाकण उघडावंच लागत नाही. साध्या काचेतून किंवा ॲक्रिलिकच्या पडद्यातून मात्र कॅमेऱ्याला पलीकडचं काही दिसत नाही, पडद्याचंच तापमान दिसतं.

चकचकीत तांब्याच्या बसबारवरही कॅमेरा फसतो. तो धातू स्वतः उष्णता फार कमी बाहेर टाकतो आणि समोरच्या माणसाच्या अंगाची उष्णता आरशासारखी परत पाठवतो. त्यावर उपाय म्हणजे काळ्या इन्सुलेशन टेपचा छोटा तुकडा. त्याची एमिसिव्हिटी (उष्णता बाहेर टाकण्याची क्षमता) ०.९५ च्या आसपास असते. तो चालू बसबारवर चिकटवायचा नाही हे उघड आहे. शटडाउनमध्ये सगळ्या महत्त्वाच्या जोडांजवळ तुकडे लावून ठेवले की पुढच्या वर्षी कामाला येतात.

सापडलेली मुख्य गोष्ट फीडर ७ वर. २५० अँपिअरचा एमसीसीबी (मोल्डेड केस सर्किट ब्रेकर), १८५ चौरस मिमी ॲल्युमिनियम केबल, त्या वेळचा लोड १६० अँपिअर, तिन्ही फेजवर जवळजवळ सारखा. आर फेजचा लग (केबलच्या टोकाला बसवलेला धातूचा तुकडा) ४६ अंश, बी फेजचा ४८, वाय फेजचा ७१. पॅनलमधली हवा ३४. सारख्या लोडवरच्या सारख्या जोडांत १५ अंशांहून जास्त फरक दिसला तर दुरुस्ती ताबडतोब, असा नेटा या टेस्टिंग संघटनेचा निकष आहे. इथे तो २३ ते २५. वर्गाचा हिशोब लावला तर पूर्ण २५० अँपिअरवर हा लग १२० अंशांच्या पुढे जातो. पीव्हीसी केबलची कायमची मर्यादा ७० अंश, एक्सएलपीईची ९०.

अशा वेळी सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य असतं: ‘नट ढिला असेल, आवळला की झालं.’ पण चित्र नीट बघितलं की कळतं, सर्वांत लाल ठिपका बोल्टवर नव्हताच. तो लगच्या नळीवर होता, जिथे केबल क्रिम्प केलेली, म्हणजे दाबून बसवलेली असते तिथे. बोल्टजवळचा चपटा भाग त्यापेक्षा ६ अंशांनी थंड. त्या चित्राची प्रिंट काढून जॉब कार्डाला टाचली आणि वर लाल पेनाने लिहिलं: ‘नुसता आवळू नये, उघडून बघावा.’

कपॅसिटर पॅनलही याच फेरीत. २५ केव्हीएआर, ४०० व्होल्टचं युनिट प्रत्येक फेजला सुमारे ३६ अँपिअर घेतं. १२ युनिटपैकी एकाच्या दोन फेज २४ वर आल्या होत्या, एकाचं डबडं फुगलं होतं. दोन्ही बदलायच्या यादीत.

२ दिवस आधी

सामान मोजून एका टेबलावर मांडलं. टॉर्क रेंच (ठरलेल्या जोराने आवळणारा पाना) आणि मेगर (इन्सुलेशनचा रोध मोजणारं यंत्र), दोन्हींचं कॅलिब्रेशन सर्टिफिकेट मुदतीत आहे ना ते पाहून. दोन टोकांचा व्होल्टेज टेस्टर. १००० व्होल्टला चालणारे क्लास ० चे रबरी हातमोजे, मनगटाकडून गुंडाळत हवा कोंडून, कुठे फुसफुस होते का ते ऐकून. प्रत्येक माणसाला स्वतःचं कुलूप आणि एकच किल्ली, डुप्लिकेट नाही. प्लॅस्टिकच्या नळीचा व्हॅक्यूम क्लीनर, तंतू न सुटणारं सुकं कापड, बायमेटॅलिक लग, बेलव्हिल वॉशर, गॅस्केट, दोन कपॅसिटर.

खर्चाचं म्हणाल तर सुटे भाग किरकोळच असतात. जड पडतात ती भाड्याने आणलेली टेस्ट किट आणि सुट्टीच्या दिवशीची माणसं. म्हणून किट एकाच दिवसासाठी आणायचं असेल तर कोणती टेस्ट किती वाजता हे आधी लिहून ठेवायचं. रिले तपासायचं इंजेक्शन किट दुपारी २ पर्यंत तसंच पडून राहिलं आणि ४ वाजता परत द्यायचं होतं, असा गोंधळ नेहमी होतो.

शटडाउन, सकाळी ६ ते ७:१०

बंद करण्याचा क्रम: कपॅसिटर कंट्रोलर मॅन्युअलवर घेऊन सगळ्या स्टेप बंद. मग आउटगोइंग एकेक करून, छोटे आधी. मग इनकमर ट्रिप करून आयसोलेटेड पोझिशनपर्यंत रॅक आउट, म्हणजे बाहेर ओढलेला. इथे थांबलो तर काम अर्धवट, कारण इनकमर उघडा असला तरी त्याच्या वरच्या बाजूच्या टर्मिनलवर ट्रान्सफॉर्मरची वीज असतेच. वरचा आयसोलेटर बंद, त्यालाही कुलूप. जनरेटरचा ब्रेकर बंद, कुलूप, आणि ऑटो स्टार्ट काढून. नाहीतर मेन गेल्याचं पाहून तो आपलं कर्तव्य बजावतो. यूपीएसचा टाय आणि सोलरचा फीडर दोन्हीकडून बंद. एकूण सहा ठिकाणी कुलपं. सगळ्यांच्या किल्ल्या एका पेटीत आणि त्या पेटीला चार माणसांची चार कुलपं.

आता पॅनल मेला आहे हे सिद्ध करायचं. टेस्टर आधी चालू असलेल्या सॉकेटवर लावून बघायचा, मग पॅनलवर, मग पुन्हा त्याच सॉकेटवर. मधल्या वेळात टेस्टरची वायर तुटली असेल तर पॅनलवरचा शून्य खोटा ठरतो. तिसरं वाचन कंटाळून टाळलं जातं, आणि खोटा शून्य उघडा पाडतं ते तेच. प्रत्येक ठिकाणी वाचनं दहा: फेज-फेज तीन, फेज-न्यूट्रल तीन, फेज-अर्थ तीन, न्यूट्रल-अर्थ एक. नुसता जवळ नेला की चमकणारा पेन टेस्टर इथे चालत नाही.

बसबारवर दहाही वाचनं शून्य. इनकमरच्या वरच्या टर्मिनलवर शून्य. आउटगोइंगच्या केबल बाजूलाही शून्य. मग केबल चेंबरमधल्या कंट्रोल टर्मिनलची पट्टी तपासताना टर्मिनल २७ वर २३० व्होल्ट! डिजिटल मीटरवर नुसत्या लोंबत्या वायरीतही ४०–९० व्होल्टचा भास होतो, पण हा टेस्टर स्वतः करंट ओढणारा होता आणि आकडा ठाम होता. माग काढला तर पॅनलमधल्या हीटरचा सप्लाय. ओलावा धरू नये म्हणून बसवलेला हा हीटर पॅनल बंद असतानाही चालू राहावा अशाच हेतूने दुसऱ्या पॅनलमधून घेतलेला असतो. डायग्रामवर तो नव्हता, आपल्या यादीत ‘हीटर’ असं लिहिलं होतं पण पुढे स्रोताचा रकाना कोरा. त्या एमसीबीला (छोट्या ब्रेकरला) सातवं कुलूप लागलं, डायग्रामवर लाल पेनाने रेघ मारली, आणि मगच अर्थिंगच्या केबल बसबारवर चढल्या. अर्थिंगचं टोक आधी अर्थ बसबारला, मग फेजला. काढताना उलट.

कपॅसिटरांना डिस्चार्ज रेझिस्टर असतात. मानकाप्रमाणे तीन मिनिटांत व्होल्टेज ७५ च्या खाली यायला हवं, पण रेझिस्टर आतून तुटलेला असू शकतो. पाच मिनिटं थांबून प्रत्येक युनिट मोजायचं, मगच शॉर्ट करायचं. फुगलेल्या युनिटवर अजून १९० व्होल्ट होते.

७:१० ते १०: साफसफाई आणि जोड

ब्लोअर मारायचा नाही. धूळ उडून रिलेच्या आत, ब्रेकरच्या आत, शेजारच्या कप्प्यात बसते. व्हॅक्यूमने ओढायची, मऊ ब्रशने सोडवायची, सुक्या कापडाने पुसायची. पुसता पुसता बसबार सपोर्टवर बोट फिरवून बघायचं: काळी, झाडाच्या फांद्यांसारखी बारीक रेघ दिसली तर ते ट्रॅकिंग (गळत्या करंटने जळालेली वाट), पुसून जाणारं नाही, सपोर्ट बदलायचा. तळाच्या ग्लँड प्लेटमध्ये एक न वापरलेलं भोक उघडं होतं आणि त्याखाली उंदराच्या लेंड्या. भोक बुजवायला दोन मिनिटं लागतात. न बुजवलेल्या भोकातून शिरलेला उंदीर किंवा पाल दोन फेजच्या मध्ये आली की काय होतं ते वेगळं सांगायला नको.

टॉर्कचा आकडा पॅनलच्या पुस्तिकेतला घ्यायचा. या पॅनलला एम-१० साठी ४५ न्यूटन-मीटर होतं. सवयीने ‘आणखी अर्धा आटा’ देण्याचं दुखणं फार जुनं आहे. ॲल्युमिनियमचा लग दाबाखाली हळूहळू पसरतो, दरवर्षी आणखी आवळला की आणखी पसरतो आणि शेवटी आटे घसरतात. रेंच ठरलेल्या आकड्यावर लावायचा, ‘टिक’ झाली की थांबायचं, आणि नट व पट्टीवरून जाणारी मार्करची एक रेघ ओढायची. पुढच्या वर्षी रेघ तुटलेली दिसली तरच तो जोड हललेला. आट्यांना ग्रीस किंवा तेल लावायचं नाही. तेच ४५ न्यूटन-मीटर तेलकट आट्यावर बोल्टला कितीतरी जास्त ताण देतात.

१६८ जोडांपैकी ११ हलले. फीडर ७ चा वाय फेज त्यात नव्हता. रेंच लावल्या लावल्या टिक.

तो लग उघडला. बोल्टखालचा चपटा भाग स्वच्छ, वॉशर जागेवर. नळीच्या तोंडाशी इन्सुलेशन तपकिरी होऊन कडक झालेलं, नखाने टोचलं तर पापुद्र्यासारखं निघालं. लगच्या पाठीवर कोरलेला आकडा वाचायला टॉर्च तिरका धरावा लागला: २४०. केबल १८५ ची. मोठ्या नळीत लहान केबल घालून दाबलेली. क्रिम्पच्या षटकोनी खुणा बाहेरून सुबक होत्या, पण तोंडातून पाहिलं तर तारांच्या एका बाजूला बारीक फट आणि फटीत पांढुरकी पूड. ती ॲल्युमिनियमची ऑक्साइड, वीज न वाहू देणारी. जिथे चाळीसेक तारांनी करंट न्यायचा तिथे मोजक्याच तारा तो ओढत होत्या. हिशोब करायचा तर एक मिलिओहम जादा रोध आणि १६० अँपिअर म्हणजे सुमारे २५ वॅट. २५ वॅटची सोल्डरिंग आयर्न लगच्या आत रात्रंदिवस चालू ठेवल्यासारखंच.

आर आणि बी फेजचे लगही २४० चेच निघाले, म्हणून तिन्ही बदलले. केबल ९० मिमी मागे कापली, चकचकीत तारा लागेपर्यंत. ग्लँडजवळ गोलाई सोडलेली होती म्हणून लांबी पुरली. जी केबल ताठ ओढून बसवलेली असते तिथे हीच दुरुस्ती जोडकामावर जाते आणि दिवस खाते. सेक्टर आकाराच्या तारा आधी गोल करून, वायर ब्रशने घासून, लगेच ऑक्साइड रोखणारी पेस्ट लावून, १८५ च्या डायने लगच्या पुस्तिकेप्रमाणे क्रिम्प. तिन्ही मिळून पाऊण तास.

१० ते २: ब्रेकर आणि टेस्ट

एसीबी बाहेर काढला तरी त्याच्या स्प्रिंगमध्ये ताकद शिल्लक असते. पुढच्या खिडकीत ‘चार्ज्ड’ दिसत असेल तर कंट्रोल सप्लाय काढून क्लोजचं बटन दाबायचं, मग ओपन, आणि खिडकीत ‘डिस्चार्ज्ड’ आल्यावरच आत हात. काही बनावटींत बाहेर ओढतानाच स्प्रिंग सुटते, तरी खिडकी वाचायचीच. बोट तुटायला वीज लागत नाही. आर्क शूट (ठिणगी विझवणारे कप्पे) काढून काजळी पाहिली, कॉन्टॅक्टची झीज खुणेच्या आत होती. १०० अँपिअरच्या मायक्रो-ओहममीटरवर तीन पोल: २३, २४, ४१ मायक्रोओहम. सर्वांत कमी आकड्यापेक्षा ५० टक्क्यांहून जास्त फरक म्हणजे शोध घ्यायचा. मागच्या जबड्यासारख्या कॉन्टॅक्टवरचं ग्रीस सुकून राळेसारखं झालं होतं. पुसून बनावटीने सांगितलेलं ग्रीस पातळ लावल्यावर ४१ चे २६ झाले.

एमसीसीबी आतून उघडायचे नसतात. वर्षभर एकदाही न हललेला एमसीसीबी गरजेला अडकतो, म्हणून प्रत्येकाला तीन-चार वेळा चालू-बंद आणि एकदा ट्रिपच्या बटनाने पाडायचं. सेटिंगच्या चकत्यांचे फोटो मंजूर सेटिंग तक्त्याशी ताडले. फीडर ३ ची ओव्हरलोडची चकती शेवटपर्यंत फिरवलेली. कधीतरी सारखं ट्रिप होतं म्हणून कुणीतरी वाढवलेली असणार. आता तिथे केबल जळेल पण ब्रेकर पडणार नाही. चकती जागेवर आणली आणि झाकणाला सील मारलं. इनकमरचा रिले सेकंडरी इंजेक्शनने, म्हणजे बाहेरून छोटा करंट देऊन, तपासला.

मेगर. आयईसी ६०३६४-६ प्रमाणे या व्होल्टेजला ५०० व्होल्ट डीसी आणि किमान १ मेगाओहम. पण स्वच्छ, सुक्या पॅनलचे आकडे शेकड्यांत येतात, त्यामुळे १.५ आला म्हणून ‘पास’ लिहून मोकळं होऊ नये. लावण्याआधी मीटर, कंट्रोलर, सर्ज अरेस्टर (जादा व्होल्टेज जमिनीत उतरवणारे), कंट्रोल ट्रान्सफॉर्मरचे फ्यूज आणि न्यूट्रलची लिंक काढायची. पहिलं वाचन ०.३ मेगाओहम आलं आणि दहा मिनिटं बसबार पुन्हा पुसण्यात गेली. कारण निघालं साधं: जनरेटर इनकमरच्या बाजूचा सर्ज अरेस्टर काढायचा राहिला होता. तो निघाल्यावर ६५० मेगाओहम.

काढलेली प्रत्येक वस्तू एका कागदावर, ‘काढली’ आणि ‘लावली’ असे दोन रकाने, दोघांच्या सह्या. या कागदातली सर्वांत महागडी ओळ न्यूट्रल लिंकची. ती लावायची राहिली तर सिंगल फेज उपकरणांना २३० ऐवजी ४०० च्या जवळपास काहीही मिळू शकतं, आणि पहिल्या मिनिटातच धूर निघतो. इतर टेस्टचा क्रम मागेपुढे झाला तर चालेल, हा कागद मात्र त्या दिवशी खिशात ठेवायचा नाही, पॅनलच्या दारावर चिकटवायचा.

३० मिलिअँपिअरचे आरसीसीबी (विजेची गळती झाली की पडणारे ब्रेकर) वीज आल्यावर टेस्टरने: अर्ध्या करंटला पडता कामा नये, पूर्ण करंटला ३०० मिलिसेकंदांत, पाचपट करंटला ४० मिलिसेकंदांत. आठपैकी एक पूर्ण करंटला पडलाच नाही. त्याचं टेस्टचं बटन मात्र झकास चालत होतं.

२ ते ४: परत चालू

हत्यारं मोजली. सकाळी ४१, आता ४०. सतरा-एकोणीसचा पाना कमी. पॅनल चालू करण्याची घाई इथेच भोवते. तो केबल चेंबरच्या तळाशी, लग बदलताना ठेवला तिथेच सापडला. सोबत एक बेलव्हिल वॉशरही, जो कुणाचा ते ठरवायला फीडर ७ चे सहाही बोल्ट पुन्हा पाहिले. जादाचा होता.

मग अर्थिंग काढली, शेवटचा मेगर, ‘लावली’चा रकाना पूर्ण, दारं बंद. प्रत्येकाने आपलं कुलूप आपल्या हाताने काढलं. जेवायला गेलेल्या माणसाचं कुलूप तोडायचं नसतं, त्याची वाट बघायची असते. इथे ती २० मिनिटं पाहिली. इनकमर चढवताना सगळे आउटगोइंग बंद, चढवणारा पॅनलच्या समोर न राहता बाजूला, बाकीचे खोलीबाहेर. व्होल्टेज, फेज सिक्वेन्स (फेजचा क्रम), न्यूट्रल-अर्थ पाहून मग फीडर एकेक. केबल सोडलेल्या फीडर ७ वर सिक्वेन्स वेगळा तपासला, नाहीतर पंप उलटा फिरतो. कपॅसिटर सर्वांत शेवटी. शेवटचा फीडर ३:५२ ला चढला.

परमिट बंद करायला दुसरा दिवस उजाडला. विभागांच्या ‘वीज सुरळीत’ अशा सह्या, लाल रेघा असलेला डायग्राम नव्याने काढायला, दोन नव्या पट्ट्या, न पडलेला आरसीसीबी बदलल्याची नोंद. तिसऱ्या दिवशी लोड बसल्यावर पुन्हा थर्मल कॅमेरा. फीडर ७, लोड १५८ अँपिअर: आर ४६, वाय ४८, बी ४७. जुना २४० चा लग मधोमध कापून रिपोर्टसोबत पिशवीत घालून फाइलला लावला आहे.